शारदाकाकूची वरची दाढ

आमच्या गुढियारी मोहल्ल्यात शारदाकाकूला कोण ओळखत नाही? पंडरी बाजारातल्या दुकानांतून साड्यांचे गठ्ठे तिच्याकडे येतात, फॉल लागून परत जातात. तीस वर्षांत दोरा तिने कात्रीने तोडलाच नाही. दातानेच. पुढच्या दाताला बारीकशी खाच पडलीय, आणि त्या खाचेचा तिला कोण अभिमान!

सकाळी त्याच दातांना गुडाखू. तंबाखू आणि गुळाचा हा काळा लगदा आमच्याकडे बायका घरोघरी दातांना घासतात आणि वर त्याला मंजन म्हणतात. मी पाऱ्यापाऱ्यांत, म्हणजे मोहल्ल्यामोहल्ल्यांत, त्याविरुद्ध भांडत फिरते. पदवी नाही माझ्याकडे, पण डबीवरची बारीक अक्षरं वाचता येतात.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेले, तर ही बाई सात वर्षांच्या नातीच्या, देवश्रीच्या, किडक्या दाढेवर गुडाखू लावत बसलेली.

मी भडकलेच. "काकू, लेकराच्या तोंडात तंबाखू?"

"दुखून राहिलं ना तिले, मंजिरी. जरा बधिर पडते. अन् दुधाचीच दाढ आहे, पडणारच."

"अकराव्या-बाराव्या वर्षी पडते ती! तोवर पोरीनं पू गिळायचा?"

हिरडीवर फोड आलेला दिसत होता. काकूने डबी हळूच पदराआड केली.

"चल डॉक्टरकडे. तूही. तुझीसुद्धा वरची दाढ हलते, गाल धरून जेवतेस."

"पोट्टीले ने. मी नाही येत."

"काहून?"

तिचा आवाज एकदम खाली गेला. "वरची दाढ काढली की डोळा जाते. माह्या आत्याचा गेला. डोळा गेला तर सुई कोण ओवन? अन् हिले कोण पाहीन?"

सरकारी साहेबांच्या टेबलावर हात आपटणारी मी. पण तिथे माझा राग कुठे गेला कळलं नाही. एवढंच म्हणाले, "सुई घेऊन चल सोबत."

बूढापाऱ्यातल्या दवाखान्यात देवश्रीने ओठ घट्ट मिटले. डॉक्टर ऋताने चॉकलेटी आवाजात मनवून पाहिलं. छे! पोरगी दातांतून म्हणाली, "पहले आजी."

काकूने तिच्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं. "हव," म्हणाली आणि जाऊन बसली.

बीपी, शुगर बघून झाली, इंजेक्शन झालं. काकूचे डोळे टक्क उघडे.

"मिटा की डोळे," डॉक्टर म्हणाली.

"नाही. जातात कसे ते पाहतो."

दाढ निघाली. डॉक्टर समजावत होती: डोळ्याची नस वेगळी, दाताची वेगळी, आत्याबाईंना मोतीबिंदू झाला असेल, वय असतं ते. काकू ऐकतच नव्हती. तिने पदरात टोचलेली सुई काढली, दोरा काढला. टोक ओलं करायला तोंडाशी नेलं, तर तोंडात कापूस, ओठ बधिर. मग तिने ते टोक ओलं करायला नातीपुढे धरलं.

देवश्रीने मोठ्ठा आ केला.

डॉक्टरने दिवा किंचित वळवला आणि आत पाहून घेतलं.

पहिल्याच झटक्यात दोरा सुईतून गेला. काकूने तो काढला, एक डोळा मिटून पुन्हा ओवला. मग दुसरा मिटून. मग सवयीने दोरा दाताकडे नेला, थबकली, आणि डॉक्टरकडे बोटांनी कात्री मागितली.

"अब मैं," देवश्री म्हणाली आणि खुर्चीवर चढली. काकूने तिचा हात धरला. दुसऱ्या हातात सुई तशीच, ओवलेली.