जाते नव्हे, येते

सहा वर्षांपूर्वी शिमग्याची पालखी दारी येऊन गेली आणि दुसऱ्याच सकाळी सतरा वर्षांच्या सुरेखाला सख्ख्या काकाने घराबाहेर काढलं. पोलादपूरच्या एस.टी. स्टँडवरून आम्ही तिला महाडजवळच्या बिरवाडीला आणलं. घरातून काढलेल्या मुलामुलींसाठीचा आमचा निवारा म्हणजे तेव्हा भाड्याची एकच खोली होती.

आज स्वयंपाकघरातून भाजलेल्या सुकटीचा वास आला आणि तिची तिथली पहिली सकाळ आठवली. पिशवी उचलून ती काम शोधायला निघाली. दारात म्हणाली, "जाते."

निवाऱ्यात स्वयंपाक करणाऱ्या आमच्या मालतीमावशी तव्यावरची सुकट तशीच टाकून उठल्या. "जाते काय म्हनतेस गो? येते म्हन."

"कुनाकडं येऊ? हितं माझं कोन हाय?"

"मग एवढी सुकट कोन खानार? मला एकटीला संपायची नाय."

सुरेखा हसली नाही. पण पिशवी खाली ठेवली, रिकाम्या हातांनी उंबरा ओलांडला आणि पुटपुटली, "येते."

तेव्हा ते मला साधं बोलणं वाटलं होतं. आज वाटतं, निवारा त्या एका शब्दावर उभा राहिला. आता तीन खोल्या आहेत आणि रोज सकाळी दारात 'येते', 'येतो' ऐकू येतं. चौथी खोली मात्र कुणी देत नाही. "असली पोरं नकोत," म्हणतात. असली म्हणजे कसली? घराबाहेर यांना काढलं, यांनी कुणाला नाही.

महाडात तुमची खोली बंद पडून असेल, तर कुलूप काढा आणि चावी आम्हाला द्या.