एफएफएच नावाचं कुणी नाही

आज मंगळवार. पत्नी, सुनंदा, वारल्यानंतर आज पहिल्यांदा विष्णुपुरीला कॉलेजात शिकवायला गेलो. उद्याच्या प्रॅक्टिकल परीक्षेसाठी कॉम्प्युटरच्या असेंब्ली भाषेचा सराव होता.

एका विद्यार्थिनीचा प्रोग्राम चालेना. रडकुंडीला येऊन ती एकेक ओळ बदलत होती.

"एररमध्ये काय लिहिलंय ते वाचलंस का?"

"नाही सर. लातूरच्या क्लासमधली सवय. चुकलं की दुसरा पर्याय."

मी मोठ्याने वाचायला लावलं. सिम्बॉल नॉट डिफाइन्ड, एफएफएच.

"सर, हा तर आकडा हाय. मग हे कुणाला हुडकून राहिलंय?"

हेक्स पद्धतीत एफसारखी अक्षरंही अंक असतात; पण आकडा अक्षराने सुरू झाला की असेंब्लरला, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या सॉफ्टवेअरला, ते नाव वाटतं, आणि त्या नावाचं कुणी त्याला सापडत नाही. आकड्याच्या आधी शून्य लावायला सांगितलं. प्रोग्राम चालला.

"मग शून्य लाव म्हणून सरळ सांगायचं की त्यानं!"

म्हटलं, "काय करायचं ते त्याला कळत नाही. काय सापडलं नाही, एवढंच सांगता येतं."

संध्याकाळी ताईचा फोन आला. ती रोज विचारते, "तुला काय लागतंय रे?" मी रोज "काही नाही" म्हणतो. आज म्हटलं, "सुनंदा हिंग कुठं ठेवायची? सापडत नाही."

ताई म्हणाली, "मला तरी कुठं माहीत, बाबा."

अशा दिवसांत काय हवंय ते तुम्हाला सांगता आलं होतं का? मला अजून जमत नाही.

फोन ठेवला आणि बिनहिंगाची फोडणी देऊन वरण केलं.