पासवर्डची लाल वही

तिच्या दुकानाबाहेरच्या चपला मी मोजायचो, हे आधीच कबूल करून टाकतो. घोडेगावात तहसील कचेरीच्या रस्त्याला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान, आणि तिचं बरोबर समोर. खुर्चीत बसल्या बसल्या दिसायचं. माझ्या पायरीवर दोन जोड आणि तिकडे अकरा, असं असलं की मला जेवण जायचं नाही. "चपला मोजायला बसता का दुकान चालवायला?" संध्याकाळी भरलेला डबा परत आलेला बघून बायको विचारायची.

ती येईपर्यंत या रस्त्यावर कॉम्प्युटर म्हणजे मी होतो. दाखला असो, शिष्यवृत्ती असो, पीकविमा असो, डोंगरातल्या गावांच्या एसट्या स्टँडला लागल्या की माणसं उतरून सरळ माझ्याकडे यायची. नवा फोन घेतला की त्याला ईमेल लागतो, तोही मीच काढून द्यायचो. पासवर्ड मीच ठरवायचो, इंग्रजीत गावाचं नाव आणि पुढे आकडे. माणसं विसरतात म्हणून तो माझ्या लाल वहीत लिहूनही मीच ठेवायचो. कुणी विचारलं तर गिऱ्हाईक अभिमानाने सांगायचं, "त्यो भाऊकडं हाय." आसपासच्या गावांच्या चाव्या माझ्या ड्रॉवरमध्ये होत्या. त्या वहीवर हात ठेवला की सरपंच माझ्यापुढे कोण, असं वाटायचं.

मग ती आली. महाळुंगे पडवळची सून, पुण्यात कंपनीत नोकरी केलेली, सासरे अंथरुणाला खिळले म्हणून नवऱ्याबरोबर गावी परतलेली. तिने दोन जुने कॉम्प्युटर मांडले आणि त्यांवर कुणालाही फुकट मिळते अशी सिस्टीम टाकली. चहाच्या टपरीवर मी सगळ्यांदेखत हसलो. म्हटलं, "कचेरीत, शाळेत, जिकडे बघाल तिकडे त्या एका मोठ्या परदेशी कंपनीचीच सिस्टीम चालते. सगळं जग येडं आहे का? फुकटचं असतं ते हौसेचं असतं." टपरीवर सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या दुकानातली सिस्टीमही फुकटचीच होती, म्हणजे त्याच कंपनीची चोरटी कॉपी, कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवरून आलेली. तेवढं मी बोललो नाही.

माझं मशीन सुरू होईपर्यंत एक चहा पिऊन व्हायचा, आणि सुरू झालं की पडद्यावर पत्त्यांच्या जुगाराच्या जाहिराती उगवायच्या. समोर मात्र बटण दाबलं की काम चालू. माझ्याकडून नेलेला पेन ड्राइव्ह तिच्याकडे लावला तर ती म्हणायची, "यात व्हायरस आहे, काढून देते." कुठून आला, हे ती विचारायची नाही. विचारलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं. एकदा कागदाचं रीम उसनं घ्यायला आली आणि माझ्या पडद्याकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "दादा, ही कॉपी ज्याने फोडली त्याने आत आणखी काय घालून ठेवलंय, हे आपल्याला कसं कळणार?" अख्खा तालुका मला भाऊ म्हणतो. ही दादा म्हणायची. रीम दिलं आणि दिवसभर धुमसत बसलो. तिचं म्हणणं खरं होतं, म्हणून जास्तच. त्याच महिन्यात मशीन इतकं बिघडलं की मला ते पुसून सगळं नव्याने टाकावं लागलं.

पण माझ्या मनात खरी आग लावली ती तिच्या भिंतीने. पासवर्ड टाकायची वेळ आली की ती कीबोर्ड गिऱ्हाइकापुढे सरकवायची, उठायची आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. डोंगरातली एखादी म्हातारी एकेक अक्षर शोधत बसायची, मागे रांग खोळंबायची, आणि ही आपली कॅलेंडर वाचत उभी. मला वाटलं, या थेरांनी आठ दिवसांत कुलूप लागेल. लागलं नाही. उलट तिथून बाहेर पडताना माणसं जरा ताठ चालायची. माझ्या दुकानातून तसं कुणी बाहेर पडलेलं मला आठवेना. मी इतकी वर्षं त्यांची कामं केली, आणि हिने नुसती पाठ फिरवून माणसं पळवली. मी जळलो. दुसरा शब्द नाही.

एका दुपारी रस्ता सामसूम होता. मी लाल वही काढली. कोण कोण तिच्याकडे जाऊन पासवर्ड बदलून आलंय, एवढंच मला बघायचं होतं. पहिल्या पानावरचं खातं टाकलं, वहीतला पासवर्ड टाकला. पासवर्ड चुकीचा. दुसरं टाकलं. चुकीचा. तिसरं उघडलं तेव्हा इतका आनंद झाला की आत न बघताच बंद केलं. कुणाची पत्रं वाचायची नव्हती मला. माणूस अजून माझा आहे ना, तेवढं हवं होतं. बदललेल्यांच्या नावापुढे फुली मारत गेलो. चहाच्या वेळेपर्यंत सगळी पानं फुल्यांनी भरली.

शेवटी मेंढरंवाले बाबा राहिले. हे मूळचे निमगाव सावाचे, म्हणजे तालुका जुन्नर, पण मेंढरं घेऊन दरवर्षी आमच्या बाजूला येतात. फोनला काही झालं की वाटेतली सगळी दुकानं सोडून माझ्याकडे. त्यांचं उघडणार याची खात्री होती. दुपारचा शेवट गोड व्हावा म्हणून टाकलं. उघडलं. मी वही ड्रॉवरमध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या चपला मोजता येईनात. माणसं पायरीवर फोन हातात धरून उभी होती. रात्रीतून प्रत्येकाच्या फोनवर इंग्रजीत निरोप आला होता. ती एकेकाचा फोन घेऊन मोठ्याने वाचत होती आणि मला या बाजूला स्पष्ट ऐकू येत होतं: अनोळखी मशीनवरून तुमचं खातं उघडायचा प्रयत्न झाला, ठिकाण घोडेगाव. पुसून नव्याने उभं केलेलं माझं मशीन जगाला अनोळखी झालं होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दुकान टाकण्याआधी एका कॉम्प्युटर क्लासात लोकांना नेटवर्कची सुरक्षा शिकवायचे पैसे घेतले होते मी. चार-पाच फोन वाचून झाल्यावर तिने मान वर केली आणि रस्त्यापलीकडे सरळ माझ्याकडे बघितलं.

मग गर्दीतून एकच माणूस निघून माझ्या पायरीवर आला. खांद्यावर घोंगडी, हातात फोन. बाबा.

"भाऊ, तुमच्याकडंच निघालो व्हतो, गर्दी बघून तिकडं थांबलो. माझ्या खात्यात कुनीतरी शिरलं व्हतं म्हनं काल. ती पोरगी म्हनली, तुमी भाऊंकडंच जावा, ते बदलून देतील."

"आणखी काय म्हणाली?"

"काय न्हाई. तिथं जमलेल्या बाकीच्यांनी पासवर्ड आधीच बदलल्यात, त्यांना भ्या न्हाई म्हनली."

तिला कळलं होतं. एका वाक्यात तिला माझं दुकान बंद करता आलं असतं, आणि तिने ते वाक्य गिळलं. तिच्या जागी मी असतो तर गिळलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्याचाही मला हेवा वाटला.

मी पासवर्ड बदलायचं पान उघडून दिलं, कीबोर्ड बाबांपुढे सरकवला आणि उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. भिंतीचे पोपडे निघाले होते. आजवर कधी नीट बघितलीच नव्हती.

"तिकडं काय बघताय? तुमीच टाका की."

"नको. तुम्हीच टाका, बाबा."

बराच वेळ एकेक कळ वाजत राहिली. मग खुर्ची करकरली. "झालं. आता वहीत लिवून ठिवा."

"नाही लिहिणार."

"का? आमच्यावर रागावला व्हय, भाऊ?"

त्यांच्या आवाजात दुखावल्याचं ऐकू आलं आणि मला राहवेना. मी तोंड न वळवताच म्हणालो, "बाबा, काल तुमच्या खात्यात शिरलेला मीच."

वाटलं, आता उठतील आणि समोरच्या गर्दीत जाऊन सांगतील. बाबा खो खो हसले. "तुमी व्हता व्हय! आन् मी सकाळधरनं चोर समजून बसलो. लई ब्येस झालं." आणि मी हात वर करून थांबवायच्या आत त्यांनी नवा पासवर्ड खणखणीत आवाजात मला सांगून टाकला.

वही मी त्याच दिवशी पाणी तापवायच्या चुलीत घातली. बाबांचा पासवर्ड मात्र ऐकला तो ऐकलाच, अजून पाठ आहे. समोर ती भिंतीकडे तोंड करून उभी राहते तेव्हा तिला कुणाचंच काही पाठ नसतं. आता मला तेवढ्याचाच हेवा वाटतो.