मैदानासाठी मागितलेले तांदूळ

जरीपटका बाजारामागच्या आमच्या वस्तीत जयंतीच्या भोजनदानासाठी घरोघर तांदूळ मागायची रीत आहे. परात फिरते, प्रत्येक घरून वाटीभर पडतात, आणि वस्तीतल्या मोकळ्या मैदानावर सगळे एका पंगतीत जेवतात. त्या मैदानावर बांधकामवाल्यांचा डोळा आहे हे कळलं, तेव्हा माझी ताई नगरसेवकपदासाठी अपक्ष उभी राहिली. शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण, हट्टी. पैसा नव्हता, म्हणून प्रचाराच्या जेवणासाठीही तिने परातच फिरवली. एकही घर रिकामं गेलं नाही.

"ज्यानं तांदूळ देले, त्यानं मत देलंच समज गा," ती मला म्हणाली. मीही समजलो. आमच्यासारखे शहाणे आम्हीच.

प्रचार रंगात आला तसा बांधकामवाल्यांच्या संघटनेतला एक माणूस घरी आला. गुंड वगैरे नव्हे, चपला बाहेर काढून अदबीने बसणारा.

"ताई, आम्ही दोन्ही पार्टीवाल्यायले देऊन राहिलो. तुम्हालेही देतो. गाड्या, भोंगे, मंडप, सारं."

"अन् मैदान?"

"आता काहीच मागत नाही ना. पुढं गरज पडली तं आठवण ठेवजा."

ताईने त्याला चहा संपवू दिला आणि दार दाखवलं. मला तिचा अभिमान वाटला. मग आमच्या गल्लीत एका उमेदवाराने बोअर मारून दिली, पलीकडच्या गल्लीत दुसऱ्याने रस्त्याला सिमेंटचे गट्टू बसवून दिले. पैसा एकाच घरचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शहरभर चहाच्या टपरीवर लोक ते हसत सांगत. मला हसू येत नव्हतं.

ताईच्या जेवणाला अख्खी वस्ती आली. पोटभर जेवली, तिच्या पाया पडली. निकालात मात्र तिचं डिपॉझिटही वाचलं नाही.

शेजारच्या मावशीला मी विचारलंच, "काहून वं मावशी?"

"तांदूळ तुह्या ताईले देले ना बापा. मत बोअरले देलं. मैदानातून पाणी निघते का?"

उन्हाळ्यात टँकरमागे हंडा घेऊन धावताना मी मावशीला वर्षानुवर्षे पाहिलेलं आहे.

मैदानावरच्या इमारतीचं भूमिपूजन झालं तेव्हा दोन्ही पार्टीवाले, निवडून आलेला आणि पडलेला, एकाच गाडीतून उतरले. आम्ही कडेला उभे होतो. संघटनेतला तोच माणूस गर्दीतून वाट काढत आला, ताईसाठी खुर्ची घेऊन.

"ताई, तुम्ही तेव्हा घेतलं असतं, तं आज हा नारळ तुमच्या हातानं फुटला असता."

टोमणा नव्हता त्यात. तो खरंच हळहळत होता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. ताई बराच वेळ उभी होती, तिचे गुडघे भरून आले होते. ती त्या खुर्चीवर बसली.