दुसऱ्या अंकातला खोकला

साल्कम थिएटरात लोक नाटक समोरून बघत. तुदोसेनं ते अठ्ठावीस वर्षं बाजूनं बघितलं. तो तिथला फायरमन. बुखारेस्टमध्ये फायरमन जागेवर नसेल तर तिसरी घंटा होत नाही, मग पहिल्या रांगेत कुणी का येऊन बसलेला असेना. प्रेक्षकांच्या डाव्या हाताच्या विंगेत, आग लागली तर पाडायच्या लोखंडी पडद्याच्या चाकाजवळ एक स्टूल होतं, त्यावर तो बसायचा. गाणाऱ्या बायकांचा उजवा गाल त्याला घरच्यासारखा ओळखीचा होता. डावा गाल कसा आहे हे बघायला त्याला बाहेर जाऊन पोस्टर बघावं लागायचं.

बाजूनं बघणाऱ्याला जरा जास्तच दिसतं. प्रेमात वेडी झालेली नायिका विंगेत पाऊल टाकताच बूट काढून टाच चोळायची. मेलेला राजपुत्र त्याच्याकडे काडेपेटी मागायचा, आणि तुदोसे ती द्यायचा नाही. या सगळ्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. संगीत मात्र बाजूनंही खरंच असतं, असं तो म्हणायचा.

आणि त्या संगीतानंच त्याचा घात केला.

थिएटरचा एक हुकमी ऑपेरेटा होता, हलकंफुलकं संगीत नाटक, दर हंगामात परत लागणारं. त्याच्या दुसऱ्या अंकात एक संथ वॉल्ट्झ होता. दिवे निळे व्हायचे, हार्प सुरू व्हायची, मग दोन व्हायोलिनं, मग हळूहळू सगळा वाद्यवृंद वल्ही मारायला लागल्यासारखा पुढे सरकायचा. ब्राइलाजवळ, डॅन्यूबच्या काठी तुदोसे जन्मला होता. वॉल्ट्झच्या चौथ्या-पाचव्या फेरीला विंगेतल्या फळ्यांखाली पाणी यायचं. लव्हाळी हलायची. आई चादरीवर आलुबुखार वाळत घालत असायची आणि मान वर न करता म्हणायची, "आलास? हात धू." तो हात धुवायला वाकायचा. पाणी इतकं कोमट असायचं की परत यावंसंच वाटायचं नाही.

तेवढ्यात वरून कुणीतरी खोकायचं.

आई, चादर, नदी सगळं जायचं. तुदोसे स्टुलावर ताठ व्हायचा, समोर वॉल्ट्झ चालूच असायचा. खोकला तिसऱ्या सज्ज्यातून यायचा, बाईमाणसाचा, कोरडा. वर बघावं तर दिव्यांच्या झगझगाटामागे नुसता अंधार.

घरी गेल्यावर तो कुरकुरायचा. "आज परत ती खोकणारी. ऐन वॉल्ट्झमध्ये."

"लोकांना रीतभात राहिली नाही," त्याची बायको आग्लाया म्हणायची आणि सूप वाढायची. ती दोऱ्याच्या गिरणीत सकाळपाळीला होती. प्रयोगानंतर सगळे दिवे तपासून तुदोसे घरी पोचेपर्यंत तासभर जायचा, पण सूप कायम गरम. फायरमनच्या घरच्यांसाठी थिएटर एक पास द्यायचं, तिसऱ्या सज्ज्यात उजव्या टोकाची सतरा नंबरची खुर्ची. तिथून अर्धं स्टेज दिसत नाही. आग्लाया म्हणायची, पास गिरणीतल्या मैत्रिणींना देते, बिचाऱ्या कुठे जाणार. तुदोसेला ते पटायचं, पण मनात बोचायचंही. सगळ्या संध्याकाळी थिएटरला, आणि बायकोच्या वाट्याला काय, तर गरम ठेवलेलं सूप.

डुलकीचं त्यानं कुणाला सांगितलं नाही. उलट "एकदाही डोळा लागला नाही" असं तो छाती काढून सांगायचा, आणि कुणी विचारलं नसलं तरी सांगायचा.

मग तो जानेवारी आला. टंचाईच्या त्या वर्षांत थिएटरं तापवत नसत. आठशे माणसं ओव्हरकोट घालून बसलेली. हातमोज्यांतल्या टाळ्या उशा झटकल्यासारख्या वाजायच्या. उबेची जागा एकच, विंगेतल्या दिव्यांजवळ, तुदोसेच्या स्टुलापाशी. त्यात कोबीच्या पानातला खिमा पोटभर झालेला. वॉल्ट्झ सुरू झाला आणि तो नदीवर गेला. वर खोकला झाला. तो वाकून हात धूत राहिला. परत खोकला झाला. तिसरा मात्र असा आला की हार्पवाल्यानंही मान वर केली. तुदोसेनं डोळे उघडले. सजावटीतल्या झाडाची कापडी फांदी दिव्याला टेकली होती, पानं काळी पडत होती आणि एका पानाला बारीकशी पिवळी कड आली होती. ओलं घोंगडं हाताशीच होतं. वॉल्ट्झ संपायच्या आत सगळं विझलं, आणि आठशेपैकी एकालाही काही कळलं नाही.

थिएटरनं त्याला प्रशस्तिपत्र दिलं. "क्षणभरही न झोपणाऱ्या जागरूकतेबद्दल" असे शब्द, वर काच, भोवती चौकट. कँटीनच्या वाटेवर ते टांगलं. तेव्हापासून तुदोसे कँटीनला मागच्या जिन्यानं जायला लागला. मानाची गोष्ट चोरीच्या मालासारखी वागवावी लागली की माणूस आतून झिजतो, तसा तो झिजला.

निदान त्या बाईचे आभार तरी मानावेत, असं त्याला फार वाटलं. पण आभार मानायचे म्हणजे झोप कबूल करायची. शेवटी त्यानं पेपरमिंटच्या गोळ्यांचा एक हिरवा डबा आणला आणि तिसऱ्या सज्ज्याच्या दारावर बसणाऱ्या मार्गिओआलाच्या हातात दिला. "वर जे कुणी खोकतं ना, त्यांना दे. कुणी दिलं ते सांगू नकोस."

मार्गिओआला डबा घेऊन वर गेली आणि कोऱ्या चेहऱ्यानं खाली आली. "दिला. आभार सांगितलेत."

खोकला काही थांबला नाही. तुदोसेला बरंच वाटलं.

निवृत्तीच्या आठवड्यात स्टेज मॅनेजर मिरॉन त्याला म्हणाला, "तुदोसेकाका, रविवारी दुपारच्या खेळाला तुम्ही प्रेक्षक. पहिल्या रांगेत, मधल्या दोन खुर्च्या, तुम्ही आणि काकू. खेळ संपला की स्टुलावर पितळी पाटी बसवतोय. मजकूर माझा आहे. 'तुदोसे. अठ्ठावीस वर्षं, डोळ्यात तेल घालून.' कसा वाटतो?"

"तेल जरा जास्त झालंय."

मिरॉन हसला. त्याला तो विनय वाटला.

तुदोसेनं त्याच रात्री ठरवलं, पाटी बसवायच्या आधी सगळ्यांसमोर खरं सांगून टाकायचं. पितळ पुसलं की चकाकतं, आपल्यामागे ते खोटं चकाकत राहायला नको. पण आधी आग्लायाला सांगायचं. तिनं इतकी वर्षं एका जाग्या माणसासाठी सूप गरम ठेवलं होतं.

रविवारी ट्राममध्ये तो तोंड उघडणार, इतक्यात तीच म्हणाली, "तू बस पुढे. मी वर बसते, सतरा नंबरला."

"वर? तिथून दिसतं काय? अर्धं स्टेज आणि अर्धी भिंत."

"पुढे बसलं की माझी मान धरते."

"अठ्ठावीस वर्षांत एकदा तुझ्या शेजारी बसायला मिळतंय, आणि तुझी मान धरते?"

"आता उरलेला जन्म शेजारीच बसणार आहेस, म्हाताऱ्या. दोन तासांनी काय जातंय? वर काम आहे मला."

थिएटरात जाऊन ती खरंच वर गेली. पहिला अंक तुदोसेनं शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर टोपी ठेवून बघितला. सगळ्यांचे दोन्ही गाल त्याला आज पहिल्यांदा दिसत होते, आणि त्याचं कशातच लक्ष नव्हतं. मध्यंतर झालं तसा तो तीन जिने चढला. दारावर मार्गिओआला होती, पार पिकलेली. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि दार उघडलं.

आग्लाया कठड्याला रेलून खाली बघत होती. तो शेजारच्या खुर्चीवर बसला. धाप जरा बसल्यावर म्हणाला, "तुला एक सांगायचंय. त्या जानेवारीत, ती फांदी पेटली तेव्हा, मी झोपलो होतो."

"माहीत आहे."

"थट्टा करत नाहीये मी. नुसतं त्या दिवशी नाही. कैक वेळा झोपलो. वर कुणीतरी खोकायचं म्हणून..."

आग्लायानं पर्समधून हिरवा डबा काढला. रंग उडालेला, झाकण चेपलेलं. "गोळी घे," ती म्हणाली. "संपल्या की भरते मी."

तुदोसेनं डबा हातात घेतला. मग तिची नजर होती तिकडे, खाली बघितलं. स्टेज अर्धंच दिसत होतं. पण डावी विंग थेट आतपर्यंत उघडी होती, आणि तिच्या मधोमध, दिव्यांच्या उजेडात, त्याचं स्टूल होतं.

त्यानं डब्याचं झाकण उघडून परत लावलं. "पास मैत्रिणींना द्यायचीस ना तू?"

"कुठल्या मैत्रिणी? शेवटचा पडदा पडायला लागला की मी कोट घेऊन पळायचे. सूप जाण्याआधीच करून दुलईत गुंडाळून ठेवलेलं असायचं."

"पण त्या दिवशी ओरडली का नाहीस?"

"ओरडले असते तर आठशे माणसं दारांवर पडली असती. चौथ्यांदा खोकायला श्वास घेतला होता मी. तेवढ्यात उठलास." तिनं खाली स्टुलाकडे बघितलं. "तू तिथे हसायचास झोपेत. उठवायला जिवावर यायचं रे."

तुदोसेचे डोळे भरून आले आणि त्यानं ते पुसले नाहीत. इतकी वर्षं तो ज्या संध्याकाळी बायकोला एकटं सोडलं म्हणून झुरला, त्या सगळ्या ती त्याच्या समोर बसून होती.

"आज पाटीच्या वेळी खरं सांगणार आहे मी," तो म्हणाला.

"मुळीच सांगायचं नाही. कुणाला कळू नये म्हणून मी घसा फोडला, आणि तू आता ढोल वाजवणार? पाटीवर खोटं काय आहे? पहारा होताच. कुणाच्या डोळ्यांत किती तेल होतं ते आपण दोघं बघून घेऊ."

घंटा झाली. तो खाली गेला नाही. दुसरा अंक सुरू झाला, दिवे निळे झाले आणि हार्प लागली.

"नवा माणूस आहे," आग्लाया कुजबुजली, "राझ्वान. दोन लहान पोरं आहेत घरी, झोप मिळत नसणार. म्हणून वर आले."

"तू ऐक वॉल्ट्झ. मी बघतो."

तिनं मान त्याच्या खांद्यावर टेकली. इतक्या वर्षांत तिनं तो वॉल्ट्झ डोळे मिटून ऐकला नव्हता. चौथ्या फेरीला तिचा श्वास संथ झाला. व्हायोलिनं आली, वल्ही पडायला लागली, सज्ज्याच्या कठड्याखालून पाणी वाहायला लागलं. लव्हाळी हलली. तुदोसे काठावरच उभा राहिला. आज त्याला कुणी हात धुवायला बोलावलं नाही.

खाली राझ्वानची हनुवटी एकदा खाली गेली, वर आली, परत खाली गेली आणि तिथेच राहिली.

आग्लायाची झोप मोडू नये म्हणून तुदोसेनं आपला खांदा हलू दिला नाही, तोंड भिंतीकडे वळवलं आणि खोकला. विंगेतला माणूस दचकून ताठ बसला. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं मागे वळून त्याच्याकडे असं बघितलं, जणू म्हणतेय, लोकांना रीतभात राहिली नाही.