मुलीचे डोळे दाखवले तेव्हा

भाऊबीज, नोव्हेंबर १९५६. हजर: मी, यजमान, माझा भाऊ, वन्सं, त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा आणि माझी तेरा वर्षांची मुलगी.

आमच्यात साटंलोटं झालेलं. मी यजमानांच्या मामाची मुलगी, आणि त्यांची बहीण माझ्या भावाला दिलेली. त्यामुळे दोन्ही ओवाळण्या एकाच पाटावर उरकतात. माधव नगरातल्या आमच्या शेजारणीला याचं दर वर्षी नव्याने नवल वाटतं. "मामा की लड़की से ब्याह! हमारे यहाँ तो बहन लगती है, भाभी." मी तिच्या हातात अनारशांची ताटली देते आणि विषय बदलते.

त्या संध्याकाळी भाचा अंगणात आला आणि पेटत्या पणतीवर पाय देऊन पुढे गेला. "दिसली नाही, आत्या." अंधार पडला की त्याला दिसत नाही. डॉक्टरांनी वन्संना सांगितलं होतं, हे रक्तातून येतं, नात्यातल्या लग्नांत जास्त दिसतं, पुढे दिवसाची नजरही आकसत जाते आणि औषध नाही.

जेवताना वन्सं म्हणाल्या, "वहिनी, तुमची लेक माझ्याच घरात द्यायची हं. नाही म्हणालात तर दारात ठाण मांडीन."

"मांड. चहा मिळेल," यजमान म्हणाले. सगळे हसले.

मी मात्र मनात कामाला लागले होते. मला हे लग्न नको होतं, आणि नाही म्हणण्याचा वाईटपणाही नको होता. मुलीचे डोळे तपासून घ्यायचे, ते चांगले निघाले की डॉक्टरांच्या तोंडूनच 'नात्यात नको' असं वदवायचं. सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी वन्सं आणि मी भाच्याला दाखवायला फ्रीगंजात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. मुलीला म्हटलं, सोबत चल. तिथे तिलाही खुर्चीत बसवलं.

"मला कशाला? मला तर दिसतं."

"चूप बस. एका मिनिटाचं काम आहे."

डॉक्टर वयस्कर होते. थेंबांची बाटली हातात धरून त्यांनी विचारलं, "बाई, हे कशासाठी ते मुलीला सांगितलंय ना?"

"हो," मी म्हणाले. मुलीने माझ्याकडे पाहिलं, आणि मग मान मागे केली.

थेंबांनी नजर धुरकट झालेली ती बाहेर बाकावर बसली असताना डॉक्टरांनी मला आणि वन्संना आत बोलावून सांगितलं. तिलाही तेच आहे. सुरुवात आहे.

टांग्यात मुलं पुढे बसली. मागे वन्संनी माझा हात धरला. रडून त्यांचे डोळे लाल झाले होते. हळू आवाजात म्हणाल्या, "आता आपली दोन्ही सारखीच झाली, वहिनी. मी तिला नीट सांभाळीन." काल ज्या पोराला त्याच्या डोळ्यांवरून नाकारायला निघाले होते, त्याची आई हे बोलत होती. माझ्याने मान वर करवली नाही.

घरी आल्यावर मुलीने विचारलं, "डोळ्यांत औषध का घातलं?"

"कचरा गेला होता."

"दादाच्या डोळ्यांत औषध घातलं तेव्हाही तू कचराच म्हणाली होतीस."

यजमान म्हणतात, लग्न जमेपर्यंत तिला काही कळायला नको. मी त्यावर हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. संध्याकाळी परसात जाताना ती भिंतीला हात लावून चालते. कधीपासून, कोण जाणे. घरातला डबान् डबा माझ्या ध्यानात असतो, आणि हे मला आत्ता दिसायला लागलं.

नवा प्रांत झाला, म्हणून यजमानांचं सरकारी ऑफिस नव्या राजधानीला, भोपाळला चाललं आहे. पेट्या भरून झाल्या, दूधवाल्याला सांगून झालं, शाळेचा दाखला आणून झाला. तिच्या डोळ्यांचं तिला सांगायचं, आणि तिला न विचारता खुर्चीत बसवलं हे तिच्यासमोर कबूल करायचं, तेवढं झालेलं नाही. आज दुपारी ती एका पेटीवर बसून वाचत होती. मी समोर जाऊन बसले. तिने पुस्तक मिटलं आणि वाट पाहिली.

"सुतळी कुठे ठेवलीस?" मी विचारलं.