जंगली बदामाचा वास

साकेत नगरातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी जंगली बदाम फुलला की लोक नाकाला रुमाल लावून जातात. पान नसलेल्या फांद्यांवर लालसर फुलांचे घोस, आणि काहीतरी कुजल्यासारखा वास. मी मात्र तिथे थांबते.

बाबा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. तेव्हाच्या आमच्या क्वार्टरच्या खिडकीबाहेरही असंच एक झाड होतं. त्याची होडीच्या आकाराची लाल फळं उकलली की काळ्या बिया निघतात, त्या भाजून खायला मला बाबांनीच शिकवलं. फुलं कधी येतात, कधी गळतात, तेही माझ्याकडून घोकून घेतलं. पुढे शुगरमुळे त्यांचा पाय सडायला लागला. आई दिवसातून तीनदा पट्टी बदलायची, तरी वास घरभर राहायचा.

त्या जूनमध्ये त्यांच्या कॉलेजातले तिवारीजी भेटायला आले. बसता बसता त्यांचा हात नाकाकडे गेला. बाबांनी पायावर चादर ओढली आणि हसून म्हणाले, "बाहर जंगली बादाम फूला है ना, उसी की बू है."

मी दहा वर्षांची, हुशार. लगेच म्हणाले, "नाही बाबा, फुलं तर एप्रिलमध्येच गळली. आता फळं धरलीत."

तिवारीजी फरशीकडे बघायला लागले. बाबांनी खिडकीबाहेर झाडाकडे बघितलं. मग म्हणाले, "बरोबर."

माझं उत्तर चुकलं नाही की ते नेहमी असंच म्हणायचे.

त्या दिवसानंतर आईशिवाय कुणालाही त्यांनी खोलीत येऊ दिलं नाही. मलाही नाही.